आपल्या शिवाराचा नकाशा कुठं सापडतो?

आम्ही रनाळ्याच्या बाया बोलतोय. रनाळे म्हणजे नंदुरबार तालुक्यातलं, नंदुरबार आणि दोंडाईच्याच्या मधलं गाव. काळी जमीन, कापूस, मिरची आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ, असं आमचं शिवार. आज आम्ही इतिहासावर बोलणार आहोत. पण राजे आणि लढाया यात फारशा येणार नाहीत. हा इतिहास एका कागदाचा आहे, नकाशाचा.

या कागदाच्या मागे आम्ही लागलो ते एका रस्त्यामुळे. आमच्या गटातल्या चारजणींची शेतं नाल्यापलीकडे आहेत. तिकडे जायची एक जुनी गाडवाट होती. एका वर्षी ती नांगरली गेली आणि वर काटेरी कुंपण आलं. आम्ही विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "इथं रस्ता होताच कुठं? कागद दाखवा." डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन ज्या वाटेनं आमच्या सासवा आणि आजेसासवा गेल्या, ती वाट होती याचा कागद आमच्याकडे नव्हता. मग आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "कागद कोणीतरी काढला असंलच ना गं? साहेब लोकांनी मोजल्याबिगर एवढी वर्षं सारा घेतला असंल का?"

आजींचं बोलणं खरं होतं. ते शोधता शोधता आम्ही रनाळ्याच्या शिवेवरून सगळ्या खानदेशात फिरून आलो. काय सापडलं ते सांगतो.

नकाशे नव्हते तेव्हाही मुलुखाची नोंद व्हायचीच, पण ती रेषांनी नाही, यादीनं. अकबर बादशहाच्या काळातल्या 'आइन-ए-अकबरी' या ग्रंथात नंदुरबार हे एक सरकार म्हणून येतं. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा भाग. गंमत अशी की हे नंदुरबार तिथं खानदेशात नाही, माळव्याच्या सुभ्यात घातलेलं आहे. पुढे सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला. त्यानं वाटेतल्या मुक्कामांची यादी केली, ती १६७६ साली छापली गेली. त्यात नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी आपली नावं ओळीनं येतात. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असंही त्यानं लिहून ठेवलंय. नंदुरबार ते शिंदखेडा हा टप्पा म्हणजे आपलाच पट्टा. आपण म्हणतो ना, "आधी मारुतीचं देऊळ लागेल, मग निंब, मग विहीर", तशीच ही यादी. बायका आजही रस्ता असाच सांगतात. तोही नकाशाच आहे, फक्त तोंडी.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. जॉन ब्रिग्ज नावाचा अधिकारी इथला कारभार बघायला आला आणि धुळे मुख्य ठाणं झालं. इंग्रजांना दोन गोष्टी हव्या होत्या. फौज कुठून न्यायची हे कळायला हवं होतं, आणि कोणत्या शेतावर किती सारा बसवायचा हेही. म्हणून नकाशेही दोन जातींचे झाले. एक डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारा. दुसरा गावाच्या शेतांचा. आपल्याला कामाला येतो तो मुख्यतः दुसरा.

या दुसऱ्या नकाशाची मोजणी मुंबई इलाख्यात १८३६ च्या सुमारास पुणे भागात इंदापूरकडे सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिची पद्धत बसवली. मोजायला लोखंडी साखळी असायची, ३३ फूट लांब. म्हणजे अकरा वार. आपल्या नऊवार लुगड्यापेक्षा दोन वार जास्त. या साखळीचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आजही आपण गुंठा म्हणतो तो त्या साखळीतूनच आलेला आहे. घरी ३३ फुटांची दोरी असेल तर अंगणात गुंठा आखून बघा, पोरांनाही दाखवा.

ही मोजणी खानदेशात आली तेव्हा लोकांनी ती मुकाट्यानं घेतली नाही. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, हजारो शेतकरी मोजणीच्या विरोधात जमले. साखळी आली की मागून सारावाढ येणार, ही भीती होती. शेवटी सरकारनं फौज आणली, पुढाऱ्यांना पकडलं आणि मोजणी पुरी केली. आज आपण ज्या नकाशाची नक्कल मागायला रांगेत उभं राहतो, तो काढू नये म्हणून आपल्याच मुलुखातले लोक एकेकाळी उभे राहिले होते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. नकाशा ज्याच्या हाती असतो त्याच्या कामाला येतो. तेव्हा तो फक्त सरकारच्या हाती होता.

आता या नकाशात काय नाही ते ऐका. साऱ्यासाठी मोजणी होती, म्हणून शेत मोजलं गेलं. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून जुन्या गाव नकाशात गावठाण म्हणजे मधला एक कोरा तुकडा. ज्या घरात, ज्या ओट्यावर, ज्या चुलीपाशी बाईचा जन्म जातो, ती जागा नकाशात पांढरी राहिली. अलीकडे, २०२० पासून, स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी होते आणि घरांच्या मिळकत पत्रिका तयार होतात. मोजणीवाले आले की घरातला पुरुष पुढे होतो आणि नाव सांगतो. मैत्रिणींनो, त्या दिवशी घरात राहा. घर दोघांचं असेल तर दोघांची नावं सांगा. दीडशे वर्षांनी तो कोरा तुकडा भरला जातोय, त्यात आपलं नाव राहून जायला नको.

आता थोडं मोठ्या नकाशांकडे वळू. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड निघाला, तो सगळा खानदेशावर आहे. पिकं, जाती-जमाती, बाजार, देवळं, रस्ते अशी सगळी माहिती त्यात आहे. तो खंड इंग्रजीत आहे, पण इंटरनेटवर फुकट वाचता येतो. गावातल्या शिकलेल्या मुलीला सोबत बसवा, ती वाचून सांगेल. त्यात नर्मदेकाठच्या आणि सातपुड्यातल्या मेहवासी संस्थानांची माहिती येते. काठी, सिंगपूर, नाल, नवलपूर, चिखली ही त्यातली काही नावं. काठीची होळी आपल्याला ठाऊकच आहे.

जुना नकाशा हाती आला आणि त्यावर साल नसलं तर ते ओळखायचं कसं? लुगड्याच्या काठावरून ते कोणत्या काळातलं हे आपण सांगतो, तसंच हे आहे. आम्ही केलेल्या खुणा सांगतो, लिहून घ्या.

नुसतं 'खानदेश' असा एकच जिल्हा असेल तर नकाशा १९०६ च्या आधीचा. त्या साली खानदेशाचे दोन भाग झाले, पूर्व आणि पश्चिम. नंदुरबार, तळोदा, नवापूर, शहादे हे पश्चिम खानदेशात आले.

सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे जाणारी रेल्वे दिसत नसेल तर तो १९०० च्या अलीकडचा नसणार. ही ताप्ती खोऱ्याची रेल्वे त्याच सुमाराला सुरू झाली. १८८० च्या नकाशात आपल्या भागातून एकही रूळ जात नाही.

'पश्चिम खानदेश' लिहिलं असेल तर तो १९०६ ते १९६० च्या दरम्यानचा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जिल्ह्याचं नाव धुळे झालं.

उकाईचं मोठं पाणी दिसत असेल तर १९७२ च्या नंतरचा.

आणि 'नंदुरबार जिल्हा' लिहिलं असेल तर १ जुलै १९९८ च्या नंतरचा. त्या दिवशी धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला, सहा तालुक्यांचा. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी.

या खुणा साध्या वाटतात, पण प्रत्येक रेषेमागे माणसं आहेत. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. निझरकडचा भाग त्यातलाच. आमच्याकडे कितीतरी जणींचं माहेर तिकडे आणि सासर इकडे आहे. एका कागदावर रेष ओढली गेली आणि मायलेकी दोन राज्यांत वाटल्या गेल्या. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा मागितला की या बायांना विचारलं जातं, "तुमचं गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं?" त्याचं उत्तर जुन्या नकाशात आहे.

नर्मदेकडे तर पाण्यानंच नकाशा पुसला. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली हे त्यातलं पहिलं. तिथली काही कुटुंबं खाली तळोदे, शहाद्याकडच्या वसाहतींत आली. आजच्या नकाशात तिथं निळा रंग आहे. जुन्या नकाशात मात्र पाडे, पायवाटा, नाले दिसतात. तिकडून आलेल्या बाईला नातवाला आपलं गाव दाखवायचं असेल तर आता तो जुना कागदच उरला आहे.

हे नकाशे मिळतात कुठं? तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं, आणि सगळ्यात कामाचं, तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय. तिथं गाव नकाशा, गटाचा नकाशा आणि मोजणीचे जुने कागद असतात. अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते. अर्जात गावाचं नाव, तालुका आणि गट नंबर लिहा. जुना सर्व्हे नंबर ठाऊक असेल तर तोही लिहा. १९४७ च्या कायद्यानंतर तुकडे एकत्र करून गट झाले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी नंबर बदलले. म्हणून जुन्या सातबाऱ्यावरचा नंबर आणि आजचा नंबर दोन्ही जवळ ठेवा. नक्कल सही-शिक्क्याची मागा. मोबाईलवर सरकारच्या महाभूनकाशावर गट नंबर टाकून नकाशा बघता येतो, तो बघायला चांगला. पण वाद असेल तिथं सही-शिक्क्याचीच नक्कल लागते.

दुसरं ठिकाण म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभाग. हे खातं १७६७ चं आहे, मुख्य कचेरी डेहराडूनला. त्यांच्या नकाशात डोंगर, नाले, विहिरी, देवळं, रस्ते असतात. सगळ्या देशाचे तुकडे पाडून त्यांना नंबर दिलेत. आपल्या रनाळ्याचा जुना नंबर ४६ के/७. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. यातले बरेच नकाशे आता त्या खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. इस्रोच्या 'भुवन' वर वरून काढलेली चित्रं आहेत. पण ध्यानात ठेवा, वरून बांध दिसतो, बांध कोणाचा ते दिसत नाही.

तिसरं, जुन्या कागदांची घरं. मुंबई आणि पुण्याला सरकारी पुराभिलेखागारं आहेत. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत तालुक्यांचे नकाशे असतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यालाच वारले, त्यांच्या नावानं १९२७ साली सुरू झालं. जुने कागद कसे जपतात हे बघायला तरी एकदा गटाची सहल तिकडे न्यावी.

शोधताना एक अडचण येते, ती नावाची. इंग्रजांनी जसं ऐकलं तसं लिहिलं. रनाळेचं रनाला, धुळ्याचं धुलिया, तळोद्याचं तलोडा. म्हणून एका नावानं सापडलं नाही तर दुसऱ्या नावानं शोधा, शेजारच्या गावाच्या नावानंही शोधा.

आता आमच्या रस्त्याचं काय झालं ते सांगतो. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल आणली. ती ओट्यावर पसरली आणि आधी तर काहीच कळेना. मग आम्ही उत्तर दिशा धरली, रेल्वे धरली, नाला धरला. नाला सापडला तसं सगळं शिवार सापडत गेलं. जुन्या गाव नकाशांवर पुष्कळदा एक इंच म्हणजे २० साखळ्या, ६६० फूट, असं माप असतं. आपल्या नकाशावर कोणतं आहे ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आणि रेषांची भाषा शिका. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एका तुटक रेषेनं, त्याची सव्वाआठ फूट. नाल्यापलीकडे जाणाऱ्या आमच्या वाटेवर दोन तुटक रेषा होत्या. आजींनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हीच ती. माझ्या लग्नाची गाडी हिच्यावरून आली."

अशा वेळी कायदा काय म्हणतो तेही ऐका. असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून "बघू पुढच्या हंगामात" म्हणू नका. नकाशात रस्ताच नसेल आणि शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आम्हाला सहा महिन्यांची गोष्ट ठाऊक होती म्हणून वेळेत अर्ज गेला. स्थळपाहणी झाली. भाऊसाहेबांनी नकाशा आणि जागा ताडून बघितली. नाल्यापर्यंतची वाट मोकळी झाली, यंदा कापूस बैलगाडीनं घरी आला. नाल्यापुढचा तुकडा अजून अडलेला आहे. तारखा चालू आहेत. आम्हीही चालूच आहोत.

डोंगरातल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमात पुरावा म्हणून काय चालतं याची यादी आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल, नकाशे, उपग्रहाची चित्रं, हे सगळं आहे. आणि त्याच यादीत गावातल्या जाणत्या माणसांचं लिहून घेतलेलं सांगणंही आहे. म्हणजे १८८० चं इंग्रजी पुस्तक आणि आपल्या आजीचं बोलणं, दोन्ही एकाच यादीत बसलेत. आजीचं बोलणं मात्र आजी आहे तोवरच लिहून घेता येतं.

म्हणून शेवटी एक काम सांगतो. पुढच्या गटाच्या बैठकीला देवळापुढचं किंवा शाळेचं अंगण झाडून घ्या. रांगोळीनं आपल्या गावाचा नकाशा काढा. आधी नाला आणि रस्ता. मग घरं, विहिरी, हापसे. उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरीवर लाल ठिपका, न आटणाऱ्यावर हिरवा. रात्री जायला भीती वाटते ती जागा, सरपणाची जागा, पूर्वी गायरान होतं ती जागा, सगळं मांडा. म्हाताऱ्या बायांना पुढे बसवा, त्यांनी सांगितलेली शेतांची जुनी नावं लिहा. मग त्याचा फोटो काढा, कागदावर उतरवा, तारीख घाला, हजर होत्या त्यांच्या सह्या घ्या. आणि सरकारी गाव नकाशाच्या शेजारी ठेवून बघा. त्यात आहे आणि आपल्यात नाही ते काय? आपल्यात आहे आणि त्यात नाही ते काय?

बादशहानं नकाशासारखी यादी केली ती वसुलीसाठी. व्यापाऱ्यानं केली मालासाठी, इंग्रजांनी साऱ्यासाठी, धरणवाल्यांनी पाण्यासाठी. ज्याला गरज पडली त्यानं काढला आणि ज्याला हवं तेवढंच त्यात घातलं. आपली गरज पाणी, वाट आणि घरावरचं नाव ही आहे. तेव्हा आपला नकाशा आपणच काढायला हवा. आमच्या रनाळ्याचा काढून झालाय, शाळेच्या भिंतीला लावलाय. नाल्यापुढची वाट त्यात आम्ही तुटक नाही, सलग रेषेनं काढलीय.

तुमच्या गावचा झाला की आम्हाला कळवा. नमस्कार.